बॅगेत काय, हातात काय आणि घरी काय



गेल्या महिन्यात स्वाध्याय संपल्यावर तिघीजणींनी मला बस्तीच्या ओट्यावर गाठले. एकीची लेक मेलबर्नला, एकीची सून न्यू जर्सीला आणि तिसरीची लेक माझ्या लेकीसारखीच जर्मनीत. तिघीही बाळंतपणासाठी पहिल्यांदाच निघालेल्या. तिघींचा प्रश्न एकच, "बॅगा कशा भरायच्या?" ओट्यावर बसून जेवढे सांगता आले तेवढे सांगितले, राहिलेले इथे लिहिते. माझा अनुभव जर्मनीचा आहे, तोही स्टुटगार्टचा. ऑस्ट्रेलिया-अमेरिकेचे नियम वेगळे आहेत. त्या दोघींनी लेकी-सुनांना सांगून त्या-त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावरची यादी काढून घ्यावी. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या याद्यांवर विसंबून तुपाचे डबे भरू नयेत.

आधी बॅगेचे बोलू. चामड्याची बॅग आपल्यात कोणी घेत नाही, पण नावाची पट्टी, मूठ, पासपोर्टचे पाकीट यांत चामडे लपलेले असते, ते बघून घ्या. बॅग घेताना मी आधी रिकामी बॅग उचलून बघते. काही बॅगा रिकाम्याच साडेचार-पाच किलोच्या असतात. एवढे वजन नुसत्या खोक्यात घालवायचे कशाला? माझ्या तिकिटावर तीस किलो होते. यांचे म्हणणे एकच मोठी बॅग घे. मी दोन घेतल्या, पंधरा-पंधरा किलोच्या. फ्रँकफर्टला उतरून पुढे सव्वा तास रेल्वेने जायचे होते आणि डब्याच्या पायऱ्या चढवून बॅग आत घ्यायला तिथे हमाल नसतो. आपल्याला गुडघ्याएवढी उचलता येते तेवढीच बॅग आपली. दुसरे म्हणजे, दोन्ही बॅगांत सगळे निम्मे-निम्मे भरले. एकीत सगळे कपडे आणि दुसरीत सगळे खाणे असे केले नाही. याचा उपयोग काय झाला ते पुढे येईल.

विमानतळावर प्लॅस्टिक गुंडाळून देतात, ते मी करून घेत नाही. तपासणीला उघडायची वेळ आली तर ते कापतातच, आणि कचरा केवढा! त्यापेक्षा जुन्या नऊवारीच्या काठाची पट्टी मुठीला घट्ट बांधली. काळ्या-निळ्या शंभर बॅगांत हिरवा-लाल काठ लांबून दिसतो. बॅगेच्या आत एका कागदावर माझे नाव, लेकीचा पत्ता आणि फोन लिहून ठेवला, कारण बाहेरची पट्टी तुटू शकते. बॅग बंद करायच्या आधी उघड्या बॅगेचा आणि नंतर बंद बॅगेचा फोटो काढला.

आता नव्या बॅगेवर आपण काय करतो? कुंकवाचे स्वस्तिक काढतो. आमच्या सासूबाईंनी तर करंडा घेऊनच बैठक मारली होती. त्यांना समजावून सांगायला अर्धा तास गेला. हिटलरच्या पक्षाने जे चिन्ह घेतले ते आपल्या स्वस्तिकासारखे दिसते आणि जर्मनीच्या दंडसंहितेच्या कलम ८६अ प्रमाणे त्या पक्षाची चिन्हे उघड वापरणे गुन्हा आहे. आपल्या धर्माच्या स्वस्तिकावर त्या कायद्याचा रोख नाही, हे खरे. पण बॅगेच्या सरकत्या पट्ट्यापाशी उभ्या असलेल्या माणसाला चार गती आणि रत्नत्रय कोण समजावणार? आणि त्या देशात असे आजी-आजोबा अजून आहेत ज्यांना ते चिन्ह पाहून घरातली गेलेली माणसे आठवतात. त्यांना दुखवायचे आपल्याला काय कारण?

सासूबाई थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "मग आतून काढू." आणि झाकणाच्या आतल्या अस्तरावर बोटाने सावकाश स्वस्तिक काढले, वर तीन ठिपके, त्यावर चंद्रकोर, त्यावर बिंदू.

हीच काळजी पूजेच्या पुस्तकांची आणि कापडांची. महावीर भगवंतांच्या २५०० व्या निर्वाण महोत्सवाच्या निमित्ताने सगळ्या संप्रदायांनी मिळून जे जैन प्रतीक स्वीकारले, त्यातही स्वस्तिक आहे आणि आपल्या बहुतेक पुस्तकांच्या मुखपृष्ठावर ते असते. उत्तर अमेरिकेतल्या जैन संघटनांच्या महासंघाने तर याच कारणाने आपल्या प्रतीकात स्वस्तिकाच्या जागी ॐ ठेवला आहे. मी पूजेच्या पुस्तकाला साधे पांढरे कव्हर घातले. नाहीतरी प्रवासात पुस्तकाचे कोपरे दुमडतात, कव्हर हवेच.

पूजेच्या सामानात आणखी दोन गोष्टी. कापूर नेऊ नका. तो पेट घेणारा पदार्थ आहे, विमानात चालत नाही. आणि पिच्छी. आपल्यापैकी काही घरांत पिच्छी परिवर्तनात मिळालेली जुनी पिच्छी जपून ठेवलेली असते. लेकीच्या नव्या घरी ती असावी असे कोणालाही वाटेल. एका काकूंनी मला तसे विचारलेही. पण मोरपिसे भारतातून बाहेर न्यायला बंदी आहे, मग ती गळालेली असोत की कशीही. पिच्छी आहे तिथेच राहू द्या. जपमाळ आणि पुस्तक एवढे पुरे, आणि तेही हातातल्या पिशवीत. भगवंतांची प्रतिमा असलेली वस्तू बॅगेत घालून पट्ट्यावर आपटायला पाठवणे माझ्या मनाला पटत नाही.

आता स्वयंपाकघर. बाळंतपणाला जायचे म्हणजे आपल्या डोळ्यांसमोर पहिले काय येते? घरचे तूप, डिंकाचे लाडू, आळीव, सुंठ. मीही पहिल्या खेपेला निघण्याआधी दोन किलो तुपाचा हिशोब मांडला होता. जावयांनी नियमाचा कागद पाठवला तेव्हा तो पुसला. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दूध आणि दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत. तान्ह्या बाळाच्या दुधाच्या भुकटीसारख्या थोड्या गोष्टींना दोन किलोपर्यंत सवलत आहे, बाकी नाही. म्हणजे तूप नाही, पेढे नाहीत, खवा नाही, बासुंदीची पावडरही नाही. फ्रँकफर्टला कस्टमचे दोन दरवाजे असतात, हिरवा आणि लाल. तूप घेऊन हिरव्यातून जाणे म्हणजे काही सांगायचे नाही असे तोंडाने न बोलता सांगणे. अचौर्य आणि सत्य ही आपली अणुव्रते, बाळाच्या आजीने पहिल्याच दिवशी ती तुपासाठी मोडायची का? काही जणी "कोण बघतंय" म्हणतात. मला ते जमत नाही, एवढेच.

मग तुपाचे काय केले? तिकडे लोणी हवे तेवढे मिळते, पण दुकानातले लोणी आपल्याला चालत नाही. लोणी निघाल्यावर अंतर्मुहूर्तात कढवले पाहिजे, आणि ते तर कारखान्यातून निघून आठवडे झालेले. म्हणून मी घट्ट साय आणली. दोनशे ग्रॅमच्या कपात मिळते, तीस टक्के स्निग्धांश असतो. घटकांत नुसती साय लिहिली आहे ना हे जावई वाचून देत. पाच कप मिक्सरमध्ये फिरवले की दहा मिनिटांत लोणी वेगळे होते. ते दोन पाण्यांनी धुऊन लगेच पातेल्यात. पाव किलोच्या आसपास तूप निघते. रवाळ, पिवळे, वासही आपल्यासारखा. दुधाच्या मर्यादेचा प्रश्न तरीही उरतो हे मला माहीत आहे. मी स्वतः त्या तीन महिन्यांसाठी तुपाचा त्याग केला होता. लेकीसाठी मात्र करत होते. तिचे पथ्य वेगळे, माझा नियम वेगळा.

लाडू तयार करून नेले नाहीत, त्याचे सामान नेले. डिंक, खारीक, बदाम, सुंठ, जायफळ. ते सगळे कोरडे, वनस्पतीचे, बिलासकट दुकानाच्या पाकिटातले. सुंठीची पूड घरची असली तरी पुडी बांधून नेऊ नका. नाव नसलेली पांढरट पूड पाहून कोणताही अधिकारी विचारणारच, आणि रात्रभर जागलेल्या बाईला त्या वेळी सुंठीचे इंग्रजी आठवत नाही. प्रत्येक पाकिटावर मोठ्या अक्षरात इंग्रजी नाव लिहून चिकटवा. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या मात्र बॅगेत नकोत. त्यातल्या तेलामुळे त्या पेट घेण्याजोग्या मालात धरतात आणि आपल्याच विमानतळावर काढून ठेवाव्या लागतात. गंमत म्हणजे ओला नारळ चालतो! युरोपात ताजी फळे-भाज्या नेताना रोगमुक्त असल्याचा सरकारी दाखला लागतो, त्यातून पाच फळे सुटली आहेत. अननस, केळी, नारळ, खजूर आणि ड्युरियन. नारळाचे वजन बघता मी तोही नेला नाही, तिकडे किसलेले खोबरे दुकानात मिळते.

खसखशीचे सांगितलेच पाहिजे. आपल्या कित्येक घरांत बहुबीज म्हणून ती वर्ज्यच असते, पण सगळ्याच पाळतात असे नाही आणि लाडवांत ती सवयीने पडते. आखाती देशांतून विमान बदलून जाणाऱ्यांनी खसखस अजिबात नेऊ नये. संयुक्त अरब अमिरातीत ती अमली पदार्थांच्या यादीत धरतात, सिंगापुरातही बंदी आहे. अफूच्याच बोंडातले बी ते. आपली बॅग तिथे उघडली जाईलच असे नाही, पण बाळंतपणाला निघालेल्या बाईने असली जोखीम घेऊन विमानात झोप घालवायची कशाला?

आळीव मी मुद्दाम ठेवले. ते पेरले की उगवणारे बी, त्यावर कोणाशी वाद घालत बसायचे नव्हते. आणि तिकडे गेल्यावर काय दिसावे! जर्मन लोक हेच बी ओल्या कापसावर खिडकीत पेरतात आणि चार बोटे उंच झाले की कापून पावावर घालून खातात. क्रेसे म्हणतात त्याला. मोड आणायचे म्हणून विकतात ती सेंद्रिय पाकिटे घ्यायची, बागेच्या दुकानातले प्रक्रिया केलेले बियाणे नाही. लेकीने पाकीट हातात दिले तेव्हा मी वास घेऊन, दोन दाणे चावून बघितले. आळीवच.

हळद आणि तिखट दुहेरी पिशवीत बांधून गडद कपड्यांच्या मध्ये ठेवा. स्टीलचे डबे नकोत, वजन खातात. पाणी गाळायला दुहेरी जाड कापडाची तीन गाळणी नेली. वजन काहीच नाही, आणि ते तिकडे मिळत नाही. तेलाची चटणी, छुंदा यांच्या बरण्यांच्या वाटेला मी गेले नाही. शेंगदाण्याची कोरडी चटणी, खाकरे आणि दशम्या हातातल्या पिशवीत घेतल्या. दशम्या पाण्यात भिजवलेल्या, दुधातल्या नाहीत, कारण उरल्या तर त्या उतरतानाही हातात असणार. विमानात जैन जेवण मिळते, त्याचा सांकेतिक शब्द व्हीजेएमएल. तिकीट काढतानाच मुलांकडून ते नोंदवून घ्या. ते कधी येईल याचा भरवसा नाही, आणि अंधार पडल्यावर आले तर आपल्याला उपयोग नाही. पिशवीतली दशमी आपल्या वेळेला खाता येते.

आता सोन्याबद्दल, कारण तिघींपैकी दोघींचा खरा प्रश्न तोच होता.

माझ्या लेकीने सातव्या महिन्यात फोनवर सांगितले, "आई, येताना आजीची बोरमाळ घेऊन ये. बारशाला घालीन." बोरमाळ सासूबाईंची, त्यांनी नातीच्या नावाने ठेवलेली. पावती कुठली असणार? त्यांच्या लग्नातली ती. कायद्याने नेता येत नाही असे नाही. जाताना आपल्या विमानतळावर कस्टमच्या अधिकाऱ्याला दागिना दाखवून निर्यात प्रमाणपत्र करून घेता येते, म्हणजे परत आणताना तो परदेशात विकत घेतला नाही हे सिद्ध होते. त्यासाठी आधी मान्यताप्राप्त सराफाकडून मूल्यांकनाचा कागद घ्यावा आणि विमानतळावर दोन तास लवकर जावे. हे सगळे करता आले असते. पण मग बोरमाळ कुठे ठेवायची? चेक-इन बॅगेत दागिना ठेवायचाच नाही, विमान कंपन्या दागिने, रोकड, औषधे यांची जबाबदारी घेत नाहीत असे तिकिटाच्या अटींतच असते. गळ्यात घालून निघायची तर मुंबईपासून स्टुटगार्टपर्यंत वीस तास हात गळ्याशी. बाळ बघायला निघालेली मी, आणि सगळे ध्यान माळेत.

मी नाही म्हणाले. लेक दोन दिवस फोनवर तुटक बोलत होती. तिसऱ्या दिवशी रात्री तिचा फोन आला, तिच्याकडे संध्याकाळ होती. म्हणाली, "आई, सोन्यासाठी नव्हतं गं ते. आजी येऊ शकणार नाही. तिचं काहीतरी इथं असावं असं वाटलं."

सासूबाई येऊ शकणार नव्हत्या ते वयामुळे नव्हे. चौऱ्याऐंशीच्या असल्या तरी त्या अजून बस्तीच्या पायऱ्या हात न धरता चढतात. त्यांनी सोळा-सतरा वर्षांपूर्वी एका चातुर्मासात महाराजांकडून दिग्व्रत घेतले आहे. पूर्वेला शिखरजी, पश्चिमेला गिरनार, उत्तरेला हस्तिनापूर, दक्षिणेला श्रवणबेळगोळ. त्यापलीकडे पाऊल नाही. नातीचे लग्न झाले आणि ती परदेशी गेली ते नंतर. त्या वेळी कोणाला माहीत होते?

त्यांच्या ट्रंकेत चार वाकळा होत्या, त्यांनी स्वतः शिवलेल्या. जुन्या सुती लुगड्यांच्या, इतकी धुतलेली की हाताला लोणी लागावे तशी. सगळ्यांत लहान वाकळीत माझी दोन्ही मुले वाढली. मी विचारले, "आई, ही बाळाला नेऊ का?"

त्यांनी लगेच हो म्हटले नाही. "माझ्या हद्दीबाहेर मी वस्तू पाठवली असं होईल का गं?"

मी तत्त्वार्थसूत्र काढून बसले. सातव्या अध्यायात मर्यादेबाहेरून वस्तू आणवणे, बाहेर पाठवणे, आवाज देणे, रूप दाखवणे, काही फेकणे असे पाच अतिचार दिले आहेत, पण ते देशव्रताचे. दिग्व्रताचे वेगळे, त्यात स्वतः मर्यादा ओलांडणे, ती वाढवून घेणे, विसरणे हे आहे. मी हे वाचून दाखवले. सासूबाई म्हणाल्या, "ते मला ठाऊक आहे. तरी." (रूप दाखवण्यावरून माझ्या मनात व्हिडिओ कॉलचे आले होते. मी ते बोलले नाही, नाहीतर तेही बंद झाले असते.)

दोन दिवस वाकळ ट्रंकेवर तशीच घडी घालून होती. तिसऱ्या दिवशी सकाळी अभिषेकाहून आल्यावर त्यांनी ती माझ्या दोन्ही हातांवर ठेवली. "ही मी तुला दिली. आता माझी नाही. तू कुठं न्यायची ते तू बघ." मग आपली वही काढली. परिग्रह परिमाण व्रताची त्यांची छोटी वही आहे, त्यात लुगडी किती, भांडी किती, सगळे आकड्यांत लिहिलेले. वाकळीपुढचा चार खोडून तीन लिहिला.

बोरमाळ बँकेच्या लॉकरला गेली. इथे एक सांगते. लॉकरमध्ये काय आहे हे बँकेला माहीत नसते. रिझर्व्ह बँकेच्या नव्या नियमांप्रमाणे, जे १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले, आग, चोरी, इमारत पडणे किंवा बँकेच्या माणसाची फसवणूक यांत बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपर्यंतच आहे. भाडे दोन हजार असेल तर दोन लाख. म्हणून जास्त सोने असेल तर विम्याचा वेगळा विचार करा, दागिन्यांचे फोटो आणि वजने लिहून ठेवा, आणि वारसदाराचे नाव लावले आहे की नाही हे जाण्याआधी बँकेत जाऊन बघा. आमच्या ओळखीतल्या एका घरात ते राहून गेले आणि मागे राहिलेल्या सुनेला दोन वर्षे खेटे घालावे लागले.

वाकळ हातातल्या पिशवीत गेली. सव्वा किलो. धुऊन दोन दिवस उन्हात वाळवली होती. डांबराच्या गोळ्या मी कपड्यांत घालत नाही. त्या किडे मारायच्याच असतात, आणि बाळाच्या कपड्याला तो वास तर नकोच. धुतलेल्या धोतराच्या पांढऱ्या कापडात गुंडाळली. हवा काढून दाबायच्या पिशव्या मिळतात, त्यांनी जागा वाचते पण वजन तेवढेच राहते, हे लक्षात ठेवा. त्याच पिशवीत माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या, डॉक्टरांची चिठ्ठी (औषधाचे मूळ नाव लिहून घेतलेली, आपले ब्रँड तिकडे कोणी ओळखत नाही), चष्म्याचा दुसरा जोड, एक साडी, जपमाळ, पुस्तक, गाळणे आणि पॉवर बँक. पॉवर बँक चेक-इन बॅगेत चालत नाही, हातातच ठेवावी लागते. गोळ्या स्वतःच्या वापरापुरत्या, साधारण तीन महिन्यांच्या नेता येतात.

फ्रँकफर्टला पट्ट्यावर एकच बॅग आली. हिरव्या-लाल काठाची दुसरी बॅग मधल्या विमानतळावरच राहिली होती. पट्टा थांबेपर्यंत मी उभी राहिले आणि मग तिथल्या सामानाच्या खिडकीवर गेले. मैत्रिणींनो, बॅग आली नाही तर विमानतळाबाहेर पडायच्या आधी तक्रार नोंदवा आणि तिचा क्रमांक घ्या. पीआयआर म्हणतात त्या कागदाला. बोर्डिंग पासला चिकटवलेली बॅगेची छोटी चिठ्ठी फेकू नका, तिच्यावरूनच शोध लागतो. माझे इंग्रजी बेताचे आहे, मी फोटो दाखवले. बंद बॅगेचा, उघड्या बॅगेचा, आतल्या यादीचा. खिडकीवरच्या बाईंनी उघड्या बॅगेचा फोटो मोठा करून बघितला. झाकणावरचे कुंकू फोटोत दिसत होते. त्यांनी माझ्याकडे बघितले, मी हात जोडले आणि "प्रेयर" म्हणाले. त्यांनी मान हलवली आणि टाइप करत राहिल्या.

बॅग चौथ्या दिवशी घरपोच आली. तोपर्यंत काही अडले नाही, कारण निम्मी सुंठ, निम्मा डिंक आणि निम्म्या साड्या माझ्यापाशी होत्या. मधल्या दिवसांत गरजेच्या ज्या वस्तू घेतल्या त्यांची बिले जावयांनी पाठवून दिली, त्याचे पैसे नंतर मिळाले. कायदा माहीत असू द्या. आंतरराष्ट्रीय विमानप्रवासाला १९९९ चा माँट्रियल करार लागू होतो, भारत त्यात आहे. बॅग फुटून आली तर सात दिवसांत लेखी तक्रार, उशिरा आली तर मिळाल्यापासून एकवीस दिवसांत. एकवीस दिवसांत आलीच नाही तर ती हरवली असे धरतात. भरपाईची कमाल मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून १५१९ एसडीआर आहे. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशोबाचे एकक, आपल्या पैशांत ती मर्यादा पावणेदोन लाखांच्या आसपास जाते. पण ती कमाल मर्यादा. आत काय होते हे दाखवता आले पाहिजे, म्हणून फोटो आणि यादी.

बाळ नवव्या दिवशी आले. वाकळ तोवर खुर्चीवर होती, मग पाळण्यात गेली. डिसेंबरात तिकडे साडेचारच्या सुमारासच सूर्य मावळतो, त्यामुळे माझे जेवण चारला उरकायचे, आणि लेक हसायची की आजी असती तर तिला हा देश आवडला असता.

इकडच्या घराचे थोडक्यात सांगते, पण ते बॅगेइतकेच महत्त्वाचे आहे. हे आणि सासूबाई तीन महिने गावी थोरल्या दिरांकडे होते, ऊसतोडीमुळे यांना तिथेच सोयीचे. सांगलीचे घर बंद. आपण कुलपे, गॅस, पाण्याचा नळ आणि विजेचा मुख्य खटका बघतो, आणि डबे भरलेले ठेवून जातो. तीन महिन्यांत त्या गव्हात, डाळीत, रव्यात काय होते? परत आल्यावर पाखडून किती जीव बाहेर काढणार, आणि त्यातले किती जगणार? मी जायच्या आधी दीड महिना काही भरलेच नाही. उरलेले धान्य बस्तीच्या भोजनशाळेत दिले, पीठ कामाच्या बाईंच्या घरी गेले, डबे धुऊन पुसून झाकण उघडे ठेवून पालथे घातले. गाळण्यातली जिवाणी नेहमीप्रमाणे विहिरीत पोचवली. फ्रीज रिकामा करून दार किलकिले ठेवले. परत आले तेव्हा घरात धूळ होती, बाकी काही नव्हते.

परत येताना बॅगा निम्म्या रिकाम्या होत्या. लेक त्यात क्रेसेची चार पाकिटे भरायला निघाली, "मामीला दे, आजीला दे." मी काढून ठेवली. २००३ च्या प्लँट क्वारंटाईन आदेशाप्रमाणे आपल्या देशातही बियाणे परवान्याशिवाय आणता येत नाही. मुलांसाठी खाऊ घ्यायचा तर लाल-गुलाबी गोळ्यांवर ई १२० हा आकडा बघा, तो रंग किड्यांपासून करतात. अस्वलाच्या आकाराच्या मऊ गोळ्यांत जिलेटिन असते. दिरांच्या नातवाने नेमक्या त्याच मागितल्या होत्या. त्याला मी रंगीत पेन्सिलींचा डबा आणि साधे काळे चॉकलेट आणले. चॉकलेट त्याला कडू लागले, ते यांनी खाल्ले.